आधी काठी, मग मशीन

रात्रभर वारा होता. सकाळी सहाला वृद्धाश्रमाच्या फाट्यावर पोहोचलो, तर बर्फाखाली रस्ता दिसतच नव्हता. दोन्ही बाजूंची झाडं बघायची आणि मधे रस्ता असणार असं धरून चालायचं. चारशे मीटरचा चढ. वर ऑक्सिजनवर असलेली म्हातारी माणसं, आणि आमच्या मागे सिलिंडर भरलेली गाडी खोळंबलेली.

मी लोडर चालवतो, म्हणजे पुढच्या बकेटने माती-खडी उचलणारं यंत्र. हिवाळ्यात ती बकेट काढायची आणि तिथे स्नो ब्लोअर, म्हणजे बर्फ फेकणारं यंत्र, जोडायचा. नुसतं पातं लावलं तर ते बर्फ कडेला सारतं, पण एवढ्या बर्फात कडेला तरी जागा कुठे उरते? ब्लोअर बर्फ उचलून लांब फेकतो. पुढचा आडवा ऑगर, म्हणजे फिरतं मळसूत्र, बर्फ फोडून मधे ओढतो; मागचा इम्पेलर, म्हणजे पात्यांचा पंखा, तोच च्यूटमधून, म्हणजे वरच्या नळकांड्यातून, भिरकावतो. कॅनडात आर्थर सिकार्ड यांनी १९२५ साली असं यंत्र बनवलं, त्यामागे शेतातलं मळणीयंत्र होतं असं सांगतात. मळणीवर उभं राहिलेल्या माणसाला हे लगेच पटेल. पेंढ्या घाईने कोंबल्या की तेही यंत्र गुदमरतं.

त्या दिवशी बर्फ छातीपर्यंत होता आणि आमच्या ब्लोअरचं तोंड जेमतेम पाऊण मीटर उंच. सरळ आत शिरलो असतो तर खालचा बर्फ गेला असता आणि वरचा सगळा कडा मशीनवर बसला असता. म्हणून आधी लोडरचे हात थोडे उचलून वरचा थर काढायचा, मागे यायचं, मग खालचा. इंजिन पूर्ण वेगात, चाक मात्र अगदी सावकाश. नवे ऑपरेटर नेमकं उलट करतात, बर्फ जड लागला की इंजिनाचा वेग उतरवतात, आणि इम्पेलर मंदावला की च्यूट तुंबतोच. भुरभुरीत ताजा बर्फ घनमीटरला पन्नास-शंभर किलो भरतो. वाऱ्याने दाबून बसवलेला तीनशेच्याही वर जातो. हा दुसऱ्या जातीचा होता.

साधारण शंभर मीटरवर कट्‌ आवाज झाला आणि ऑगर थांबला. शिअर बोल्ट तुटला होता. हा बोल्ट मुद्दाम कच्चा ठेवलेला असतो, गिअरबॉक्स वाचावा म्हणून. ऑगरमध्ये कुंपणाचा लाकडी खांब अडकला होता. मी इंजिन बंद करून खाली उतरेपर्यंत माझ्याबरोबरचा पोरगा हातमोजा घालून च्यूटमधला बर्फ उकरायला निघाला होता. मी ओरडलो तसा थबकला.

"दादा, मशीन तर बंद आहे."

मशीन बंद असलं तरी हायड्रॉलिकच्या नळ्यांत दाब राहतो. अडकलेला गोळा निघाला की इम्पेलर झटका देऊ शकतो, आणि बोटांना तेवढा झटका पुरतो. किल्ली माझ्या खिशात घातली, दाब सोडला आणि त्याला लाकडी दांडा दिला. त्याने पाच मिनिटांत च्यूट मोकळा केला. तोवर मी नवा बोल्ट बसवला. त्याच जाडीचा, त्याच प्रतीचा. जास्त पक्का बोल्ट घालायचा मोह मी कधीच होऊ देत नाही.

तो खांब बघून मात्र मला राहवेना. कुंपण तर रस्त्यापासून दूर होतं, मग खांब इथे आला कसा? काहीतरी धडकल्याशिवाय येणार नाही. मी पोराला लांब काठी दिली आणि सांगितलं, आता दर दोन पावलांवर टोचून बघायचं, तू बाजूला झाल्याशिवाय मी हलणार नाही. मागचा चालक घड्याळ बघत होता. त्याचं चुकत नव्हतं, वर माणसं होती. तरी मी ऐकलं नाही.

वळणावर काठी टण्‌कन वाजली. दगडावर तसा आवाज येत नाही. आम्ही दोघांनी फावडी घेतली, सिलिंडरवाला चालकही धावत आला. आधी छताचा निळा पत्रा लागला, मग मागची काच. काच आतून बाष्पाने धुरकटलेली. माझे हात थरथरायला लागले. दार उघडेपर्यंत वीस मिनिटं गेली असतील. आत कोणी नव्हतं. मागच्या सीटवर एक घोंगडी आणि औषधांची पिशवी होती.

गाडीच्या कडेने वाट काढत अकराच्या सुमाराला आम्ही वर पोहोचलो. निळ्या गाडीवाला तिथेच होता. आईची औषधं घेऊन आदल्या संध्याकाळी निघाला, गाडी घसरून कुंपणाला धडकली. तासभर आतच बसला आणि मग अंधारात तसाच चालत वर गेला. पिशवी घ्यायचं भानच उरलं नव्हतं. ती मी त्याच्या हातात दिली.

उतरताना वळणावर थांबलो. काठी वाजली तेव्हा ऑगर जिथे होता, तिथून त्या गाडीच्या मागच्या काचेपर्यंत पावलं मोजली. पाच भरली.