आईचा तुपेर

मे महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारी दोनच्या सुमाराला माद्रिदमधल्या आमच्या इमारतीची लिफ्ट काही केल्या मिळत नाही. दरवेळी आत कुणीतरी फुलं नाहीतर कागदात गुंडाळून सुतळीने बांधलेला पेस्ट्रीचा ट्रे सांभाळत उभं असतं. 'दिया दे ला माद्रे', म्हणजे इथला मातृदिन. सगळे आईकडे जेवायला निघालेले.

पूर्वी हा दिवस ८ डिसेंबरला, मेरीमातेच्या सणाला असायचा. १९६५ साली तो मेमध्ये आला, कारण मे हा मेरीचा महिना. शाळेतली पोरं आठवडाभर आधीपासून रंगीत कागदाची फुलं कातरतात आणि घरी येऊन 'गुपित आहे' असं स्वतःच सांगून टाकतात.

आईला त्या दिवशी आराम हवा, म्हणून काही जण तिला हॉटेलात नेतात. वरच्या मजल्यावरच्या आजींना ते मान्य नाही. त्या आदल्या दिवशीच क्रोकेतांचं सारण करून ठेवतात. घट्ट व्हाइट सॉस, त्यात उरलेल्या हॅमचे बारीक तुकडे, आणि रात्रभर फ्रीज. सकाळी वळायचे, अंड्यात नि ब्रेडच्या चुऱ्यात घोळवायचे, तळायचे. जगातले सर्वोत्तम क्रोकेता आपल्याच आईचे, हे इथे प्रत्येकजण शपथेवर सांगेल. (पुरणपोळीचा वाद घालणाऱ्यांनी हसू नये.) जेवण अडीच-तीनला सुरू होतं. ताटं रिकामी झाली तरी कुणी उठत नाही. टेबलाशी बसून रेंगाळत मारलेल्या या गप्पांना 'सोब्रेमेसा' असं खास नाव आहे.

आईचं नाव मात्र इथे वर्षभर चालतं. प्रत्येकाला दोन आडनावं, एक वडिलांचं, एक आईचं. लग्नानंतर बाईचं आडनाव बदलत नाही. पिकासोचे वडील रुईझ. पिकासो हे आईचं आडनाव, आणि जगाने तेच लक्षात ठेवलं. आपल्याकडे १ मे २०२४पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर वडिलांच्या आधी आईचं नाव आलं, तेव्हा मी आजींना कौतुकाने सांगितलं. "आत्ता?" एवढंच त्या म्हणाल्या.

संध्याकाळी लिफ्टची पुन्हा पंचाईत. आता मंडळी खाली उतरत असतात आणि फुलांच्या जागी प्रत्येकाच्या हातात प्लास्टिकचा डबा असतो. इथे त्याला 'तुपेर' म्हणतात. माझ्या मराठी कानाला त्यात तूपच ऐकू येतं. आजींचा पन्नाशीचा मुलगा "आई, पुरे" म्हणत असतो आणि आजी तिसरा डबा पिशवीत कोंबत असतात.

आमच्याकडे मातृदिन पिठोरी अमावास्येला. आई खीरपुरीचं ताट डोक्यावर धरून मागे न बघता विचारायची, "अतित कोण?" आणि मी मागून ताट ओढत म्हणायचे, "मी!"

परवा दाराची बेल वाजली. दारात आजी, हातात तुपेर. "उरले होते," म्हणाल्या. डबा अजून गरम होता.