पालीला आग्रह चालत नाही

आमच्याकडे कुणी पानावरून अर्धपोटी उठलं की आधी स्वयंपाक करणारीचा चेहरा उतरतो. मीठ कमी पडलं का, बाहेर काही खाऊन आलास का, अशी चौकशी सुरू होते. या चौकशीत आजवर मुलं, जावई, पाहुणे सापडत आले. इंग्लंडमधल्या आमच्या घरात सध्या त्यात एक पाल सापडली आहे.

पाल म्हणजे लेपर्ड गेको. मुलाने हट्टाने आणलेली, नाव मँगो. अंगभर ठिपके, जाडजूड शेपूट. बोटांना चिकटणाऱ्या गाद्या नसल्यामुळे ही भिंतीवर चढत नाही, ही तिची जमेची बाजू. शिवाय बहुतेक पालींना नसतात त्या पापण्या हिला आहेत. आपण चिमट्यात अळी धरून समोर धरावी आणि तिने आपल्याकडे नीट बघून डोळे मिटून घ्यावेत. हे फार लागतं.

साताऱ्याला सासूबाई घरातली पाल दिसली की केरसुणी उचलतात. पण व्हिडिओ कॉलवर त्यांचा पहिला प्रश्न आता "जेवली का ती?" हाच असतो. "दूधभात कुस्करून ठेव थोडा," हा त्यांचा पहिला उपाय. ती भात, भाजी, फळं यांतलं काहीच खात नाही, फक्त किडे, तेही वळवळणारे, असं सांगितल्यावर त्या क्षणभर गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "बाई गं! आणि ते किडे तू ठेवतेस कुठे?"

तर अळ्यांचा डबा फ्रीजमध्ये, इडलीच्या पिठाशेजारी. गारठ्यात त्या सुस्त राहतात, लवकर भुंगे होत नाहीत. रातकिडे मात्र बाहेरच, आणि त्यांचीही बडदास्त ठेवायची. पालीच्या पुढ्यात जाण्याच्या आदल्या दिवशी त्यांना गाजर, पालेभाजी खायला घालायची, म्हणजे ते सत्त्व पालीच्या पोटात जातं. वर कॅल्शियमची पूड भुरभुरायची. किडा तिच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नको. न खाल्लेले रातकिडे रात्री तिच्या काचेच्या पेटीत विसरायचे नाहीत, नाहीतर ते पालीलाच चावे घेतात. इतकं सगळं करून ताट वाढावं आणि बाईसाहेबांनी तोंड फिरवावं!

अशा वेळी आपला हात आपोआप काहीतरी चमचमीत देण्याकडे वळतो. पालींच्या जगातलं चमचमीत म्हणजे वॅक्सवर्म, मेणकिड्याची गुबगुबीत अळी. ती बहुतेक पाली खातात. पण तिच्यात चरबी फार, आणि एकदा चटक लागली की बाकीचं अन्न नकोसं होतं. जेवत नाही म्हणून मुलांच्या हाती चिप्सचं पाकीट देणारे आईबाप मी पाहिले आहेत. त्यांनी हा प्रयोग पालीवर करू नये.

खरी गोम चवीत क्वचितच असते. ही मुळची अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारतातल्या कोरड्या, खडकाळ मुलखातली. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचे एडवर्ड ब्लिथ यांनी १८५४ साली तिचं वर्णन केलं, ते पंजाबातल्या मिठाच्या डोंगररांगेतल्या पालीवरून. उन्हात तापलेला दगड संध्याकाळीही ऊब धरून असतो. त्याला पोट लावून बसायचं आणि खाल्लेलं जिरवायचं, ही त्या मुलखाची रीत. अंगात स्वतःची ऊब नाही. खालची जागा साधारण ३२ अंश सेल्सिअस नसेल तर अन्न पचत नाही, आणि पचणार नाही ते ती खात नाही. माणसांपेक्षा शहाणी म्हणायची. काचेवर चिकटवलेला तापमापक हवेचं तापमान सांगतो. पालीचं पोट असतं जमिनीला. म्हणून जमिनीचंच तापमान मोजायला हवं. त्यासाठी आणलेली इन्फ्रारेड बंदूक मी आता डोशाच्या तव्यावरही रोखते, पण तो विषय वेगळा.

ऊब ठीक असूनही खात नसेल तर कात टाकायची वेळ आली का पाहावं. अंग पांढुरकं पडतं, दोन-चार दिवस अन्न बंद, मग कात सोलून ती स्वतःच खाऊन टाकते. नवं घर, सारखं हाताळणं, हिवाळा, नरांच्या बाबतीत विणीचा हंगाम, यांनीही भूक मरते. मोठ्या, धडधाकट पालीला त्याने फारसं काही होत नाही, कारण शेपटीत चरबीचा साठा असतो. पिल्लांना मात्र ही चैन परवडत नाही. म्हणून मन घट्ट करून रोज ताट पुढे करायचं थांबवावं आणि आठवड्याला वजन करावं. शेपूट बारीक होऊ लागली, वजन उतरलं, शी बिघडली, की सरपटणाऱ्या प्राण्यांचा डॉक्टर गाठायचा. तोंड उघडून कोंबायचं नाही.

परवा तिन्हीसांजेला, दिवे मंद केल्यावर, मँगोच्या शेपटीचं टोक थरथरलं आणि चिमट्यातली अळी दिसेनाशी झाली. मी लगेच साताऱ्याला फोन लावला. सासूबाईंनी वजन ग्रॅममध्ये विचारलं, लिहून घेतलं आणि म्हणाल्या, "आता नातवाचंही सांग. तो तर डबा तसाच परत आणतो म्हणत होतीस."