पाहुण्याची झोप कुठे ठेवायची?

घरात जास्तीची खोली नसली की पाहुणा हॉलमध्ये झोपणार, हे ठरलेलंच. कशावर झोपणार, एवढाच प्रश्न उरतो. दुकानात त्याची उत्तरं ओळीनं मांडून ठेवलेली असतात: सोफा कम बेड, दिवाणाखालून ओढून काढायचा दुसरा पलंग, भिंतीला उभा मिटणारा पलंग, घडीची खाट, हवा भरायची गादी. विक्रेता एका हातानं सोफा उघडून दाखवतो आणि आपण हरखतो. त्याच्या समोर टीपॉय नसतं, चार्जरची वायर आडवी पडलेली नसते, सोफ्यावर वाळलेल्या कपड्यांचा ढीग नसतो, हे आपल्या लक्षातही येत नाही.

घरी मात्र हिशेब फुटपट्टीचा असतो. पुढे ओढून उघडायचा सोफा मिटलेला असताना भिंतीपासून साधारण ३ फूट जागा घेतो आणि उघडला की साडेसात. हॉल १० फूट रुंद, समोरच्या भिंतीला दीड फुटाचं टीव्हीचं कपाट. राहिला १ फूट. माणसाला सरळ चालायला किमान २ फूट लागतात. म्हणजे रात्री पाणी प्यायला उठलेल्यानं पोट आत ओढून, कपाटाला पाठ घासत, पाहुण्याच्या तळपायांना वळसा घालून जायचं. त्यात बाल्कनीचं दार आत उघडणारं असेल तर ते सकाळपर्यंत बंदच.

पण मला जागेपेक्षा महत्त्वाची वाटते ती उघडण्याची खटपट. पलंग तयार करताना घरात किती हलवाहलव होते, ते पाहुणा गुपचूप बघत असतो. एकानं टीपॉय उचललं, दुसऱ्यानं कुंडी सरकवली, तिसरा उशा घेऊन कुठे ठेवू म्हणून उभा, अशी वरात निघाली की पाहुण्याचा जीव कानकोंडा होतो. मग ते नेहमीचं वाक्य येतं, ‘अहो राहू द्या, एका रात्रीचा तर प्रश्न, मी असाच पडतो सोफ्यावर.’ यजमानही दमलेला असतो. तो दोनदा आग्रह करतो, तिसऱ्यांदा करत नाही. कितीतरी सोफा कम बेड यामुळेच जन्मभर नुसते सोफे राहतात.

ही खटपट कमी करायची धडपड फार जुनी आहे. प्राचीन इजिप्तचा राजा तुतनखामेन याची कबर १९२२ मध्ये सापडली, तेव्हा तिच्यातल्या सामानात तीन भागांत घडी होणारा एक लाकडी पलंगही होता. त्याला बिजागऱ्या होत्या कांशाच्या. तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी एका राजाला घडीच्या पलंगाची गरज पडली याचं मला नवल वाटतं. त्याला काही हॉल अपुरा पडत नसणार, आणि पलंग उघडायला तो स्वतः वाकतही नसणार.

मला जास्त आपली वाटते ती शिकागोची सारा गूड. गुलामगिरीत जन्मलेली ही बाई पुढे फर्निचरचं दुकान चालवू लागली. लहान घरात राहणाऱ्या माणसांसाठी तिनं असा पलंग तयार केला की मिटल्यावर त्याचं लिहिण्याचं मेज व्हावं, कागद-शाई ठेवायला कप्पे असलेलं. १८८५ मध्ये तिला त्याचं पेटंट मिळालं. तिला नेमकं कळलं होतं, की पाहुण्याचा पलंग वर्षातला बहुतेक काळ मिटलेलाच असतो, तेव्हा मिटलेपणी तो काय करतो ते आधी बघावं. सोफ्याची बैठक रोज टोचत असेल, तर वर्षातून चार रात्री कुणीतरी त्यावर आडवं होईल या आशेवर ती किती सोसायची? अमेरिकेतल्या कॅस्ट्रो कंपनीनं दुसरी बाजू पकडली. मालकाची चार वर्षांची मुलगी सोफा ओढून त्याचा पलंग करते, ही त्यांची १९४८ ची टीव्हीवरची जाहिरात खूप गाजली. खटपट मोजायचं याहून चांगलं माप मला सुचत नाही. टीपॉय आधी कुणी हलवलं होतं, ते मात्र विचारायचं नाही.

झोपेच्या बाबतीत प्रत्येक सोयीचं आपलं एक दुखणं असतं. ओढून उघडायच्या सोफ्यात गादीला पोटात घडी होऊन मावायचं असतं, म्हणून ती पातळ ठेवावी लागते, आणि खालचा लोखंडी दांडा बरोबर कमरेखाली येतो. पाठ आडवी पाडायच्या सोफ्यात दांडा नसतो, पण मधोमध खाच असते. हवेची गादी संध्याकाळी टणक असते. मग खोली गार होते, आतली हवा आकसते, गादीचं प्लॅस्टिक ताणलं जातं, आणि पहाटेपर्यंत पाहुण्याची कंबर जमिनीला लागते. थंडीत तर खालून गारवाही चढतो, कारण आतली हवा फिरत राहून अंगाची ऊब जमिनीकडे पोचवते. वर जाड पांघरूण देऊन उपयोग नाही, घोंगडी अंगाखाली घालावी लागते.

भिंतीला मिटणारा पलंग या सगळ्यांत श्रीमंत. त्याला चांगली जाड गादी चालते, फक्त स्प्रिंगची ताकद तिच्या वजनाशी जुळायला हवी. गादी फार हलकी झाली तर पलंग खाली टेकायलाच तयार होत नाही, फार जड झाली तर धाडकन येतो. शिवाय तो पक्क्या भिंतीतच ठोकावा लागतो, जिप्समच्या पातळ आडभिंतीला तो भार पेलत नाही. भाड्याच्या घरात मालकाला हे समजावून सांगण्यापेक्षा जमिनीवर गादी घालणं सोपं.

माझं मत विचाराल तर जमिनीवरच्या गादीलाच. घडीची, ४-५ इंच जाडीची, दिवसा कपाटामागे उभी राहणारी. तिला ना दांडा, ना स्प्रिंग, आणि हॉलचा आकार कसाही असो, ती निमूट कोपरा धरते. अडचण एकच, गुडघे. ज्यांना उठायला हाताचा आधार लागतो त्यांना साधारण दीड फूट उंचीचं काहीतरी हवंच, आणि दिवाणाखालून ओढलेला पलंगही त्यांच्या कामाचा नाही, तो फारच बुटका असतो. अशा पाहुण्याला घरातल्या कुणीतरी आपला पलंग द्यावा आणि गादीवर स्वतः जावं. यावर चर्चा पाहुण्यासमोर करू नये.

हॉलमधल्या झोपेला वेळेचंही माप असतं, ते दुकानात कुणी सांगत नाही. हॉल रात्री सगळ्यात शेवटी रिकामा होतो आणि सकाळी सगळ्यात आधी भरतो. घरातला शेवटचा माणूस टीव्ही बंद करेपर्यंत पाहुणा ‘नाही नाही, मला कुठे एवढ्यात झोप’ म्हणत जांभया गिळत बसतो, आणि पहाटे पहिला माणूस दिवा न लावता चपला शोधायला लागला की डोळे मिटून पडून राहतो. त्याला चष्मा ठेवायला उशाशी एक स्टूल, हात पोचेल असं दिव्याचं बटण आणि मोबाइलसाठी एक प्लग एवढं मिळालं तरी तो दुवा देईल. अंथरूण-पांघरुणाचीही जागा आधी ठरलेली बरी. रात्री अकरा वाजता माळ्यावरून उशी काढायला स्टुलावर चढलेला यजमान बघून कुणाला गाढ झोप लागेल?

आता राहिला घोरणारा पाहुणा. तो हॉलमध्ये असला की त्याचं घोरणं सगळ्या खोल्यांना सारखं वाटलं जातं. त्यापेक्षा त्याला आतली खोली देऊन दार लावून घेतलेलं परवडतं. मग आतला माणूस हॉलमध्ये येतो, टीपॉय उचलतो, कुंडी सरकवतो, हौसेनं घेतलेल्या सोफा कम बेडवर पहिल्यांदाच स्वतः आडवा होतो, आणि तो दांडा त्याला सापडतो. सकाळी पाहुणा ताजातवाना होऊन बाहेर येतो तेव्हा यजमान कमरेवर हात ठेवून मोबाइलवर गाद्या बघत असतो.