आकडा

गुरुवार, रात्र. पाऊस उघडलेला नाही.

आईच्या देव्हाऱ्याच्या दाराचं शिसवी पान आठवडाभर टेबलावर पडून आहे. लाकूड देखणं, पण रेषा नागमोडी. रंधा इकडून मारला की एक पट्टा गुळगुळीत होतो आणि दोन बोटांवरचा उपटतो. तिकडून मारला की उलट. सुतार अशा ठिकाणी फुटक्या काचेनं खरवडतात. मी शहाणा, जुन्या बाजारातून ८० नंबरचा स्टॅन्ली स्क्रेपर, म्हणजे पातं बसवलेलं खरवडायचं हत्यार, उचलला. दोन कानांचा, बिडाचा. बीड दिसल्यावर कोल्हापूरकराचा हात जातोच.

तीन संध्याकाळी नुसतं पीठ पडलं. ढलपी एक नाही. वर पानावर बारीक ओरखडे.

आज वरच्या मजल्यावरचे मामा आले. उद्यमनगरात आयुष्यभर लेथवर उभे राहिलेले. पात्याच्या धारेवरून नख फिरवलं आणि म्हणाले, "आकडा हाय, पण पार आत मुडपलाय. लाकडाला लागंल कसा? दाबायलास किती, पोळ्या लाटायलास व्हय?"

खरं होतं. कापतो तो धारेला वळवलेला केसभर आकडाच, आणि मी तो जोर लावून गुंडाळून टाकला होता. पानावरचे ओरखडे धारेवर राहिलेल्या कानशीच्या रेषांचे, दगडावर त्या घालवायचा मला कंटाळा.

मग पहिल्यापासून. धारेचा ४५ अंशांचा उतार कानशीनं सरळ केला, ऑइलस्टोनवर रेषा जाईपर्यंत घासला. पातं शिकंज्यात उभं धरलं. मामांनी खिशातून इंजिनचा जुना व्हॉल्व्ह काढला. त्याची दांडी पात्यापेक्षा कडक. तेलाचा थेंब लावून दांडी आधी उतारालगत फिरवली, मग थोडी थोडी वळवत आणली. आडव्यापेक्षा १५ अंश कलती राहिली तेव्हा थांबवलं. चार-पाच हात, तेही हलके.

बसवताना कॅलेंडरचा कागद तळाच्या पुढच्या कडेखाली ठेवला, पातं आपल्या वजनानं लाकडावर टेकू दिलं, आकडा पुढे, मग स्क्रू आवळले. मागचा स्क्रू पाव फेरा फिरवला की पातं मधे किंचित फुगतं.

पहिल्याच ढकलीला कांद्याच्या पापुद्र्यासारखी ढलपी निघाली. पातं पुढे कललेलं असतं, त्यामुळे तंतू उचकटत नाहीत. नागमोडीवरून इकडून तिकडून कसंही मारा. अर्ध्या पानावर हात फिरवत बसलो, चहा गार झाला.

रंध्यानं पाडलेला एक खड्डा मात्र खोल आहे, तो जायला उद्याची संध्याकाळ लागेल.

जाताना मामांनी व्हॉल्व्ह परत खिशात घातला. म्हणाले, "तुझ्याकडं ऱ्हायला तर परत दाबशील."