चार जनुकं, एकच काम: सूत्रकृमी आणि अल्डिकार्ब

सी. एलेगन्स हा जेमतेम १ मिलिमीटर लांबीचा सूत्रकृमी. चेतापेशीनं सोडलेलं अ‍ॅसिटिलकोलिन त्याच्या स्नायूला आखडायला लावतं आणि अ‍ॅसिटिलकोलिनेस्टरेज हे एन्झाइम ते लगेच तोडतं. या एका कामासाठी त्याच्याकडे एस-१ ते एस-४ (ace-1 ते ace-4) अशी चार जनुकं आहेत. एस-१ एक्स गुणसूत्रावर, एस-२ पहिल्यावर, तर एस-३ आणि एस-४ दुसऱ्यावर अगदी खेटून. एस-१ चा भर अंगाच्या स्नायूंवर, एस-२ चा चेतापेशींवर. एस-४ ची आरएनए प्रत निघते, पण तिचं एन्झाइम हाती लागत नाही.

विद्यार्थी फसतात ते इथं: एकच जनुक बिघडवलं, कृमी सरळ चालला, म्हणून ते ‘बिनकामाचं’ ठरवलं. एस-१ आणि एस-२ दोन्ही काढा, चाल लगेच बिघडते. एस-३ सुद्धा गेलं, तर पिल्लू अंड्यात घडतं पण लुळंच राहतं आणि जगत नाही.

चेतासंधीचं, म्हणजे चेतापेशी आणि स्नायू जिथं भेटतात त्या जागेचं, काम तपासायला अल्डिकार्ब हे कीटकनाशक वापरतात. ते हे एन्झाइम रोखतं, म्हणून कृमी आखडून लुळा पडतो. ७० टक्के इथेनॉलमधलं १०० मिलिमोलर द्रावण, १०० मिली एनजीएम अगारला (कृमी वाढवायच्या माध्यमाला) १ मिली. अगार ५५ अंशांवर उतरल्यावरच घाला. हातमोजे आणि फ्यूम हूड हवेच, हे अत्यंत विषारी कार्बामेट आहे. भारतात शेतीसाठी त्यावर बंदी आहे.

प्लेटवर ओपी५० जिवाणूंचा (कृमींच्या खाद्याचा) छोटा ठिपका, त्यावर २० ते २५ तरुण प्रौढ कृमी. दर अर्ध्या तासानं प्लॅटिनमच्या तारेनं डोकं-शेपटी टोचायची. हालचाल नाही म्हणजे लुळा. मोजणाऱ्याला कुठली प्लेट कुणाची हे कळू देऊ नका.

इंदूरच्या मे महिन्यात मात्र आकडे सहज बिघडतात. खोली तापली की कृमी लवकर लुळे पडतात, म्हणून कालच्या एन२ शी (साध्या, न बिघडवलेल्या कृमीशी) आजचा म्यूटंट (जनुक बिघडलेला कृमी) ताडू नका. दोन्ही एकाच दिवशी, एकाच घाण्यातल्या प्लेटवर हवेत. वाढवताना २० अंश पाळा. २५ च्या वर अंडी कमी होतात. पावसाळ्यात झाकणाला पाणी सुटतं आणि कृमी कडेला चढून वाळतात. ते मोजणीतून वगळा.

कृमी अल्डिकार्बला दाद देत नसेल तर लेव्हामिसोलही लावा. ते थेट स्नायूच्या ग्राहीवर (अ‍ॅसिटिलकोलिनच्या रिसेप्टरवर) बसतं. दोन्हींना दाद नाही, तर दोष बहुधा स्नायूकडे. लेव्हामिसोलनं मात्र लुळा पडला, तर अ‍ॅसिटिलकोलिन सोडण्यातच अडचण असावी.