सोनी गेली तिच्या घरी

गेल्या शनिवारी सोनी, जर्मनीत आम्ही तात्पुरती सांभाळलेली कुत्री, तिच्या कायमच्या घरी गेली. तेव्हापासून भारतातून, घरून येणाऱ्या प्रत्येक फोनवर दोन प्रश्न ठरलेले आहेत. एवढा लळा लागला होता, तर स्वतःच का नाही ठेवलीस? आणि एका कुत्रीला घर द्यायला इतक्या चौकश्या कशाला? "मुलीचं स्थळ बघतानासुद्धा आम्ही एवढं विचारलं नव्हतं," असं आई म्हणाली. फोनवर धड उत्तर देता आलं नाही, म्हणून इथे लिहितेय.

सोनी मूळची रुमेनियाची. बुखारेस्टमध्ये एका लहान मुलाचा भटक्या कुत्र्यांच्या हल्ल्यात जीव गेला आणि २०१३ साली तिथे कायदा झाला: सरकारी निवाऱ्यात आणलेल्या कुत्र्याला कामकाजाच्या १४ दिवसांत कोणी नेलं नाही, तर त्याला मारण्याची मुभा. जर्मनीतल्या अनेक छोट्या संस्था तिथून कुत्री आणतात. चिप, रेबीजची लस, युरोपियन युनियनचा निळा पासपोर्ट, सगळं रीतसर असतं. कुत्री आणून घरं मिळवून देणाऱ्या संस्थेला पशुवैद्यकीय कार्यालयाचा परवानाही लागतो. घर मिळेपर्यंत ती आमच्यासारख्यांकडे फॉस्टरला राहतात.

ही आली तीच सोफ्याच्या मागे शिरली. आम्ही झोपलो की खायची, आणि पावलांचा आवाज आला की पुन्हा मागे. अशा कुत्रीला जवळ घेऊन चालत नाही, गोड आवाजात बोलावूनही चालत नाही. सुरुवातीचे कित्येक दिवस आम्ही काहीच करायचं नाही, हेच काम होतं. तिच्याकडे बघायचं नाही, तिच्यावर वाकायचं नाही, जमिनीवर बसायचं तेही तिरकं. खाऊ टाकायचा तर तिच्या पाठीमागे टाकायचा, म्हणजे तो घेण्यासाठी तिला आमच्यापासून लांब जाता येतं. जवळ येण्याची सक्ती नाही हे एकदा कळलं, की ती आपल्या मर्जीने जवळ येऊ लागते. ओठ चाटणं, अवेळी जांभई देणं, मान फिरवणं ही सगळी "आता पुरे"ची खूण असते हे मी इथे शिकले. आपल्याकडे लहानपणी मी असंख्य कुत्री पाहिली, पण हे कोणी समजावून सांगितलं नव्हतं.

आता चौकशीबद्दल. जो कोणी सोनीबद्दल विचारायचा त्याला संस्था आधी कित्येक पानी फॉर्म पाठवायची. घरात कोण कोण राहतं, मुलं किती वर्षांची, कुत्री रोज किती तास एकटी राहील, तुम्ही आजारी पडलात तर कोण सांभाळणार, सुट्टीत कुठे ठेवणार, घरमालकाची लेखी परवानगी आहे का. (भाडेकरारात सरसकट "कुत्रा-मांजर चालणार नाही" असं छापलेलं कलम इथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने २०१३ मध्ये बाद ठरवलं, तरी परवानगीचा कागद सगळे मागतातच.) फॉर्म पसंत पडला तर फोन, मग भेट, आणि त्यानंतर एक स्वयंसेवक घर बघायला येतो. तो कुंपणाची उंची बघतो, कुंपणाखालची फट बघतो, बाल्कनीचे गज बघतो. रस्त्यावर उघडणारं मुख्य दार आणि खोली यांच्यामध्ये आणखी एखादं दार आहे का, तेही बघतो. सगळं जुळलं तर करार, काही शे युरो शुल्क, आणि काही महिन्यांनी पुन्हा भेट. जमलं नाही तर कुत्री परस्पर दुसऱ्याला देता येत नाही, संस्थेकडेच परत द्यावी लागते. शिवाय आम्ही राहतो त्या नीडरझाक्सन राज्यात २०१३ पासून, पहिल्यांदाच कुत्रा पाळणाऱ्याला कुत्रा आणण्याआधी लेखी परीक्षा आणि आणल्यावर वर्षाच्या आत प्रत्यक्ष परीक्षा द्यावी लागते. विमा आणि नोंदणी सक्तीची. नगरपालिकेचा वार्षिक कुत्राकर वेगळाच.

हे सगळं मला पटतं. पण एका नकाराने मला फार त्रास झाला. इथलंच, आमच्या ओळखीचं एक मराठी कुटुंब सोनीसाठी अगदी मनापासून तयार होतं. त्यांची दोन लहान मुलं तर तिच्यासाठी चित्रं काढून बसली होती. संस्थेने दोन ओळींची मेल पाठवून नाही म्हटलं. कारण दिलंच नाही. फॉर्ममध्ये "तुम्ही जर्मनीत किती काळ राहणार आहात" असाही प्रश्न होता. वर्षानुवर्षं इथे कर भरणाऱ्या माणसाला तो कसा लागतो, हे विचारणाऱ्याला कळत नाही. आपण परदेशी म्हणून नाकारलं, असा त्यांचा समज झाला, आणि तसं नाही हे मी छातीठोकपणे सांगू शकले नाही. मी संस्थेच्या बाईंशी फोनवर खूप भांडले. त्यांनी शांतपणे कारणं सांगितली. घर तिसऱ्या मजल्यावर, म्हणजे दिवसातून चार वेळा लिफ्ट. खाली ट्राम. घरात मुलांचे मित्र सतत येणार आणि दार उघडं राहणार. भित्री कुत्री निसटतात ती बहुतेक पहिल्या काही दिवसांत, आणि निसटतात दारातून नाहीतर गाडीच्या डिकीतून. एकदा पळाली की हाक मारून येत नाहीत, मागे धावलं तर आणखी लांब जातात. मग ठरावीक जागी खाणं ठेवा, कॅमेरा लावा, पिंजरा लावा. म्हणूनच सोनीला आम्ही कायम दोन पट्ट्यांवर न्यायचो. एक गळ्याला, दुसरा छातीच्या हार्नेसला, आणि त्याचं टोक माझ्या कमरेच्या बेल्टला. कारणं खरी होती. मग ती त्या कुटुंबाला का नाही सांगितली?

आईचा प्रश्न मात्र डोक्यातून जात नव्हता, कारण आपल्याकडे यातलं काहीच लागत नाही. आमच्या गल्लीत एक काळी कुत्री होती, सोनीइतकीच बुजरी. समोरच्या काकू वाटी ठेवून आत जायच्या, मग ती येऊन खायची. तिला कोणी घरात ओढलं नाही, हार्नेस घातला नाही. माणसांपासून किती अंतर ठेवायचं हे तिचं तीच ठरवायची, आणि अख्खी गल्ली ते मान्य करायची. भटक्या कुत्र्यांबद्दलच्या आपल्या २०२३ च्या नियमांतही तेच तत्त्व आहे: नसबंदी करा, लस द्या आणि जिथून उचललं तिथेच परत सोडा. इथे गल्लीतली कुत्री ही गोष्टच नाही. कुत्रं एकतर कोणाच्या तरी घरात असतं, नाहीतर निवाऱ्याच्या जाळीमागे. तिसरी जागा नसल्यामुळे मिळणारं एकच घर चुकून चालत नाही, आणि म्हणून एवढा मोठा फॉर्म. प्राण्यांचं संरक्षण जर्मनीच्या राज्यघटनेत आलं २००२ साली. प्राणिमात्रांविषयी दया हे नागरिकाचं कर्तव्य आपल्या घटनेत १९७६ च्या घटनादुरुस्तीपासून आहे. आपल्याकडची कुत्री गाड्यांखाली येतात, लोकांना चावतात, रेबीजने माणसं जातात, हे मी विसरलेले नाही. पण कोणी इथे "तुमच्याकडे कुत्र्यांचे हालच ना?" असं विचारलं, की मला त्या काकूंची वाटी आठवते आणि मी मान डोलावत नाही.

सोनीला शेवटी घर मिळालं ते ल्युनेबुर्गर हाइडेतल्या एका खेड्यात, एका निवृत्त बाईंकडे. त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा सोनीकडे पाठ करून जमिनीवर बसल्या, वर्तमानपत्र उघडलं आणि वाचू लागल्या. अधूनमधून न बघताच चीजचा तुकडा मागे टाकायच्या. निघताना हात लावायचा प्रयत्नसुद्धा केला नाही. पुढच्या वेळी आपला म्हातारा कुत्रा घेऊन आल्या. तो अगदी निवांत, कशाला न दचकणारा. सोनी त्याच्या मागोमाग सोफ्यामागून बाहेर आली आणि त्याच्या शेजारी अंगणात उभी राहिली. माझ्यासाठी ती कधी अशी सहज बाहेर आली नव्हती. भित्र्या कुत्र्याला माणसापेक्षा निर्धास्त कुत्रा जास्त धीर देतो, हे मी ऐकलं होतं. त्या दिवशी पाहिलं. मग आम्ही चौघंही बऱ्याचदा एकत्र फिरायला गेलो. ३१ डिसेंबरला काय करणार, हा फॉर्ममधला प्रश्न. त्या रात्री इथे दारोदारी फटाके उडतात आणि दरवर्षी कित्येक कुत्री घाबरून पळून जातात. बाईंनी लिहिलं होतं: दुपारीच फिरवून आणते, मग तळघरात गादी टाकून रेडिओ लावून तिघंही तिथेच झोपणार.

स्वतः का नाही ठेवली, याचं उत्तर यातच आहे. आमच्याकडे दुसरा कुत्रा नाही. दरवर्षी आम्ही भारतात येतो, तेव्हा तिला दरवेळी अनोळखी घरात ठेवावं लागलं असतं, आणि तिने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली असती. सोफ्यामागची जागा तिने अडवली असती, तर पुढच्या कुत्रीला ती मिळाली नसती. आई म्हणते, "ही सगळी कारणं झाली." कारणं आहेतच. माझा जीव तिच्यात अडकला होता म्हणूनच ही कारणं मला इतकी नीट तपासावी लागली.

संस्थेच्या बाईंना मी पत्र लिहिलंय. नकार मेलवर दोन ओळींत कळवू नका, फोन करा आणि कारण सांगा. पुढच्या वेळी त्याच कुटुंबासाठी मुलांमध्ये रमणारी, शहराला सरावलेली कुत्री सुचवा. आणि मुक्कामाचा प्रश्न विचारायचाच असेल, तर जर्मन अर्जदारांनाही विचारा, कारण बदलीवर तेही जातात. अजून उत्तर आलेलं नाही. पुढची कुत्री मात्र येत्या आठवड्यात येतेय.