आमची वाटचाल : वागळे इस्टेटचा गाळा आणि तारखांचा फळा

२००९ साली ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये आम्ही गाळा भाड्याने घेतला, तेव्हा एक वेल्डिंग मशीन, एक कटिंग मशीन आणि मिस्टरांचा हात एवढंच भांडवल होतं. खिडक्यांचे ग्रिल, जिन्याचे कठडे, सेफ्टी डोअर ही आमची कामं. घोडबंदर रोडला टॉवर उभे राहत होते, त्यामुळे कामाला तोटा नव्हता. तोटा होता तो माणसांचा.

२०१७ मध्ये कारागृहात काम करणाऱ्या एका समाजसेविकेने विचारलं, "ताई, ठाण्याच्या जेलमधून सुटलेला एक मुलगा आहे. आधी वेल्डिंगच करायचा. घ्याल का?" पोर्तुगीजांनी बांधलेल्या किल्ल्यातलं हे जेल. त्या भिंतीजवळून मी कितीदा गेले असेन, पण आतला माणूस बाहेर आल्यावर कुठे जातो हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. मिस्टर दोन दिवस काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "बोलव, हात बघू त्याचा."

हात चांगला होता. त्याच्यावर मारामारीची केस होती, निकाल लागायचा होता. जामीन मंजूर होऊनही तो सात महिने आतच होता, कारण पंधरा हजारांचा जामीनदार मिळाला नाही. जामीन झाला म्हणजे माणूस सुटला, असंच मी तोवर समजत होते. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीत देशातल्या दर चार बंद्यांपैकी तिघे न्यायाधीन आहेत, म्हणजे कच्चे कैदी. गुन्हा सिद्ध झालेला नसतो, पण वस्तीत परतल्यावर सगळे त्यांना 'जेलमधून आलेला' एवढंच म्हणतात.

पहिली अडचण पगाराची आली. आधारला जोडलेलं सिमकार्ड तो आत असतानाच बंद पडलेलं. ओटीपी येईना, म्हणून बँकेचं खातं चालू होईना. त्याच्यासाठी आम्ही व्हाउचरवर सही घेऊन दर शनिवारी रोख द्यायला लागलो. महिनाभर थांब म्हटलं असतं तर त्याने उसने मागितले असते, आणि उसने देणारे त्याच्या ओळखीचे लोक एकाच प्रकारचे होते. सुटून आलेल्या माणसाचे पहिले पंधरा दिवस सांभाळले पाहिजेत, हे मला तिथे कळलं. नव्या माणसाला आठवड्याचा पगार हा नियम आजही आहे.

दुसरी अडचण आम्हीच उभी केली. कोर्टात तारीख असली की त्याचा खाडा लागायचा आणि पैसे कापले जायचे. पैसे कापले जाऊ नयेत म्हणून त्याने एक तारीख आमच्यापासून लपवली आणि कोर्टात न जाता कामावर आला. वॉरंट निघालं. ते रद्द करून घ्यायला वकिलाबरोबर मी कोर्ट नाक्याला चार खेटे घातले. चूक माझी होती. त्या आठवड्यात गाळ्यात फळा लावला. एका बाजूला मालाच्या डिलिव्हरीच्या तारखा, दुसऱ्या बाजूला कोर्टाच्या. पोलीस ठाण्यात हजेरीची अट असेल तर तो वारही लिहितो. तारखेचा दिवस भरपगारी.

२०१९ मध्ये एका सोसायटीच्या कमिटीने गेटपाससाठी सगळ्यांची पोलीस पडताळणी मागितली. मी काही लपवलं नाही. ऑर्डर गेली. तेव्हापासून केस चालू असलेले कामगार गाळ्यातच कटिंग-वेल्डिंग करतात आणि फिटिंगला दुसरे जातात. या व्यवस्थेवर मी समाधानी नाही. साइटवर भत्ता मिळतो, तो यांचा बुडतो. गाळ्यातल्या ओव्हरटाइममधून ती कसर पूर्ण भरून निघत नाही.

आजवर अकरा जण आले. पाच इथे आहेत, चार जण जास्त पगारावर दुसरीकडे लागले, आणि ते मला आवडलं. एक जण उचल घेऊन गेला तो आलाच नाही. एकाची नशा आम्हाला सोडवता आली नाही. तो पुन्हा आत गेला. सध्या तळोज्याच्या जेलमध्ये आहे. त्याची आई अजून मला फोन करते, आणि प्रत्येक वेळी काय बोलावं ते मला सुचत नाही.

१ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ मध्ये, आधी कुठल्याही गुन्ह्यात दोषी न ठरलेल्या आरोपीने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला तर त्याला सोडण्याची तरतूद आली. काही गुन्हे त्यातून वगळले आहेत. सर्वोच्च न्यायालयाने ती जुन्या केसेसनाही लागू केली. म्हणजे आता जास्त माणसं बाहेर येतील. आसपासच्या गाळेवाल्यांना मी हेच सांगते की एक माणूस घ्या, फळा मी लावून देते.

तो पहिला मुलगा २०२२ मध्ये निर्दोष सुटला. आज आमचं कटिंग तोच बघतो. गेल्या महिन्यात म्हणाला, "वहिनी, उद्या अर्धा दिवस कोर्ट."

"तुझी केस तर संपली ना?"

"माझी नाही. आपल्या नव्या पोराचा दोस्त आत आहे. जामीन झालाय, पण जामीनदार नाही. मी उभा राहतो. तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा लागतील."

मी स्लिपा काढल्या. तिसऱ्या स्लिपेवर शिक्का पुसट उठला होता, म्हणून तो पुन्हा दाबून मारला.